बोर्डाला स्वतःची पॉवर असली तरी ग्राउंड जोडायलाच हवं

गैरसमज: "बोर्ड स्वतःच्या सप्लायवर चालतो. मग प्रोग्रामरच्या फक्त सिग्नलच्या वायरी जोडायच्या, व्हीसीसी-ग्राउंड कशाला?"

वस्तुस्थिती: हे इतक्या वेळा ऐकू येतं की एकदाचं नीट सांगायलाच हवं. व्होल्टेज नेहमी दोन बिंदूंमधलं असतं. प्रोग्रामर ५ व्होल्ट देतो ते स्वतःच्या ग्राउंडच्या तुलनेत. बोर्डाचं ग्राउंड त्याला जोडलेलंच नसेल, तर चिपला हाय कुठलं आणि लो कुठलं हे कळणार कसं? ग्राउंड जोडा, यात चर्चेला जागा नाही.

खरी गोची होते व्हीसीसीपाशी. सहा पिनांच्या आयएसपी हेडरवर ही दोन नंबरची पिन. अ‍ॅटमेल-आइस हा प्रोग्रामर तिच्यातून बोर्डाला पॉवर देत नाही. बोर्डाचं व्होल्टेज तिथून मोजून तो आपल्या सिग्नलची पातळी ठरवतो. ती वायर गाळली, तर त्याच्या लेखी बोर्ड बंदच! यूएसबीएएसपी हा प्रोग्रामर मात्र त्याच पिनमधून यूएसबीचे ५ व्होल्ट बाहेर देतो. बोर्ड स्वतःच्या ३.३ व्होल्टवर चालू असेल तर दोन सप्लाय एकमेकांशी भांडतात. अशा वेळी पॉवरचा जम्पर काढा. जम्पर नसेल तर ती वायर जोडू नका. सिग्नलही ५ व्होल्टचे असतील तर मध्ये लेव्हल शिफ्टर हवा. रीसेट सोडून कुठल्याही पिनवर व्हीसीसीपेक्षा ०.५ व्होल्टहून जास्त चालत नाही, असं अ‍ॅटमेगा३२८पीची डेटाशीट सांगते. "आमचं तर चालतं" हे त्यावरचं उत्तर नव्हे.

असेच आणखी काही गैरसमज. "सप्लाय बंद असूनही एलईडी मिणमिणतो, म्हणजे पॉवर पोचतेय." सिग्नलच्या वायरींतला करंट चिपच्या संरक्षक डायोडांतून व्हीसीसीत शिरतोय. आधी बोर्ड चालू करा.

"सिग्नेचर वाचता येत नाही, चिप मेली." कोरी अ‍ॅटमेगा३२८पी १ मेगाहर्ट्झवर चालते. प्रोग्रामरचं क्लॉक, म्हणजे एससीके, त्याच्या पावपटीहून, म्हणजे २५० किलोहर्ट्झहून, कमी ठेवा.

"क्रिस्टलचा फ्यूज चुकला, चिप गेली." एक्सटीएएल१ पिनला बाहेरून क्लॉक द्या आणि फ्यूज पुन्हा लिहा.

चिप बदलण्याआधी प्रोग्रामर काढून हेडरच्या दोन आणि सहा नंबरच्या पिनांमध्ये मल्टीमीटर लावा. तिथे बोर्डाचं व्होल्टेज दिसत नसेल, तर दोष चिपमध्ये शोधू नका, सप्लाय तपासा.