वर्गात टीव्हीवरचा कार्यक्रम दाखवायला परवाना लागतो का?

सीमाभागातल्या मराठी शाळांमध्येही आता स्मार्ट टीव्ही, प्रोजेक्टर आले आहेत. सह्याद्री वाहिनीवर एखादा चांगला कार्यक्रम लागतो, पण नेमका त्या वेळी त्या विषयाचा तास नसतो. मग तो रेकॉर्ड करावा आणि दुसऱ्या दिवशी मुलांना दाखवावा, असं शिक्षकांच्या मनात येतं. लगेच शंकाही येते, की कॉपीराईटचं लचांड तर मागे लागणार नाही ना? या भीतीने काही जण टीव्ही लावतच नाहीत. काही जण मात्र मिळेल ते डाउनलोड करून सगळीकडे पाठवत सुटतात. कायद्याची वाट या दोन्हींच्या मधून जाते.

राज्य कुठलंही, कायदा एकच

कॉपीराईट हा विषय राज्यघटनेच्या केंद्रीय सूचीत आहे. त्यामुळे शाळा बेळगावात असो, पणजीत, इंदुरात, वडोदऱ्यात की हैदराबादेत, सगळीकडे १९५७ चा कॉपीराईट कायदाच लागू होतो. पाठ्यपुस्तकं कर्नाटकची आहेत की महाराष्ट्राची, यानेही त्यात फरक पडत नाही.

एका कार्यक्रमावर दोन हक्क

टीव्हीवर चित्रपट किंवा माहितीपट लागतो तेव्हा त्यावर दोन वेगळे हक्क असतात. पहिला त्या चित्रपटाचा, म्हणजे निर्मात्याचा. दुसरा वाहिनीचा, प्रक्षेपणाचा. कलम ३७ नुसार प्रक्षेपणाचा हक्क २५ वर्षं टिकतो, तर चित्रपटाचा कॉपीराईट प्रदर्शनानंतर ६० वर्षं. म्हणून जुनं प्रक्षेपण आहे, आता ते कुणाचंच नाही, असं धरून चालत नाही.

वर्गात काय चालतं?

दोन्ही हक्कांना शिक्षणासाठी सवलत आहे. कलम ३९ सांगतं, की केवळ प्रामाणिक अध्यापनासाठी किंवा संशोधनासाठी प्रक्षेपण रेकॉर्ड केलं तर तो हक्कभंग नाही. शिकवताना त्यातला उतारा वाजवी प्रमाणात वापरायलाही हरकत नाही.

मूळ कृतीसाठी कलम ५२ आहे. शिकवण्याच्या ओघात शिक्षक किंवा विद्यार्थ्याने कृतीची प्रत केली तर ती चालते. पूर्वी ही सवलत साहित्य, नाटक, संगीत, चित्र अशा कृतींपुरती होती. २०१२ च्या दुरुस्तीत ‘कोणतीही कृती’ असे शब्द आले आणि चित्रपट, ध्वनिमुद्रणंही तिच्यात बसली. शाळेच्या उपक्रमात चित्रपट किंवा ध्वनिमुद्रण दाखवायला-ऐकवायलाही मुभा आहे. अट एकच: प्रेक्षक म्हणजे विद्यार्थी, शिक्षक-कर्मचारी, पालक आणि शाळेच्या कामाशी संबंधित माणसं.

‘शिकवण्याचा ओघ’ म्हणजे फक्त तासाची चाळीस मिनिटं नव्हेत. दिल्ली विद्यापीठातल्या फोटोकॉपी खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या शब्दांचा व्यापक अर्थ लावला. तो खटला पुस्तकांच्या झेरॉक्सचा होता, पण कलम तेच.

थोडक्यात, सह्याद्रीवरचा कार्यक्रम रेकॉर्ड करून पाचवीच्या वर्गात दाखवायचा असेल तर परवाना काढायची गरज नाही. टाळेबंदीच्या काळात, २०२० मध्ये, ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीसाठीची मालिका बालभारतीच्या पुस्तकांवर बेतून सह्याद्रीवर दाखवली गेली. कर्नाटकचा अभ्यासक्रम शिकवणाऱ्या मराठी शाळेला अशा मालिकेतला सगळाच भाग लागू पडणार नाही. जुळणारा तेवढा भाग निवडून दाखवणं शिकवण्याच्या दृष्टीनेही बरं आणि कायद्याच्या दृष्टीनेही.

सवलत कुठे संपते?

शाळेच्या यूट्यूब चॅनेलवर तोच कार्यक्रम चढवला की तो सगळ्या जगासाठी खुला होतो, आणि वर्गाची सवलत तिथे कामाला येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फाईल टाकली तर ती कुठवर जाईल यावर शिक्षकाचा ताबा राहत नाही. कार्यक्रम अधिकृत चॅनेलवर असेल तर फाईलऐवजी लिंक पाठवावी. पैसे घेऊन लोकांना प्रक्षेपण दाखवणं कलम ३७ मध्येच हक्कभंग म्हटलं आहे. कार्यक्रमांच्या सीडी किंवा पेनड्राईव्ह विकणंही त्यातच येतं.

स्नेहसंमेलनालाही हाच नियम. पालकांपुढे मुलं सिनेमाच्या गाण्यावर नाचली तर हरकत नाही. मैदान गावाला खुलं केलं की मात्र परवान्याचा प्रश्न येतो. गीत-संगीताच्या परवान्यासाठी आयपीआरएस ही नोंदणीकृत संस्था आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो, तो सहसा संगीत कंपनीकडे असतो.

ओटीटीचं आणखी निराळं आहे. तिथे खातं उघडताना आपण कंपनीच्या अटी मान्य करतो, आणि त्यात वापर बहुधा घरगुती, वैयक्तिक असल्याचं लिहिलेलं असतं. कायद्यातली सवलत आणि हा करार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाळेत दाखवण्याआधी अटी वाचाव्यात.

ब्रिटनमध्ये काय करतात?

तिथे शाळांना प्रक्षेपण रेकॉर्ड करण्याची सवलत आहे, पण परवाना योजना उपलब्ध असेल तर तो घ्यावाच लागतो. एज्युकेशनल रेकॉर्डिंग एजन्सी ही संस्था वाहिन्या आणि इतर हक्कधारकांच्या वतीने असा परवाना देते. इंग्लंडमधल्या सरकारी अनुदानित शाळांसाठी त्याचे पैसे शिक्षण खातं एकगठ्ठा भरतं. आपल्या कायद्याने वर्गातल्या वापरावर अशी अट घातलेली नाही. एकशिक्षकी, तुटपुंज्या साधनांवर चालणाऱ्या मराठी शाळेसाठी ही मोठीच सोय आहे.

शाळेने काय करावं?

रेकॉर्डिंगवर कार्यक्रमाचं नाव, वाहिनी, तारीख आणि कुठल्या पाठासाठी वापरलं, एवढं लिहून ठेवावं. वापर शिकवण्यासाठीच होता हे त्यातून दाखवता येतं. वर्गाबाहेर वापरायचं असेल तर वाहिनीकडे किंवा निर्मात्याकडे परवानगी मागावी आणि ती लेखी घ्यावी. फोनवरच्या ‘चालेल हो’वर विसंबू नये. दीक्षासारख्या सरकारी मंचावर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखालचं साहित्यही मिळतं. त्यावरचा परवाना वाचून आणि श्रेय देऊन ते वर्गाबाहेरही वापरता येतं.