पाकीट प्रिंटरात घालण्याआधी

मैत्रिणींनो, सभेच्या नोटिसा, बँकेची पत्रं आता आपण ऑफिसातच छापतो. पाकिटावरचा पत्ताही छापायचा तर थोडं जपायला हवं. पाकिटाला घड्या असतात, गोंद असतो, म्हणून ते साध्या कागदापेक्षा लवकर अडकतं. मशीन बिघडलं तर दुरुस्तीचे पैसे आपल्याच गटांच्या खिशातून जातात.

घेताना पाकीट सपाट, घडी नीट दाबलेली आणि कोपरे न दुमडलेले बघून घ्या. लेझर प्रिंटर आतून खूप तापतो. त्या उष्णतेनेच शाईची पूड कागदावर बसते. म्हणून साधी प्लास्टिकची खिडकी, सोलायची चिकटपट्टी किंवा धातूची क्लिप असलेलं पाकीट त्यात घालूच नका. लांब पाकीट बहुधा 110 बाय 220 मिलिमीटर असतं. कॉम्प्युटरवर तेच माप निवडा.

पावसाळ्यात ओल लागली की गोंद आपोआप चिकटतो, पाकीट वाकतं. पाकिटं मूळ वेष्टनातच, झाकणाच्या डब्यात, आडवी ठेवा. ओल्या भिंतीपासून लांब. लागतील तेवढीच काढा.

आणि ताई, शंभराचा गठ्ठा घेण्याआधी दोनच पाकिटं आणून छापून बघा. नीट निघाली, तरच गठ्ठा घ्या.