गच्चीवरचं ऊन आणि घरखर्चाचा हिशेब

मार्च संपत आला की गच्च्यांवर कुरडया, पापड, सांडग्यांची वाळवणं पडतात. ऊन फुकट आहे, ते वाया घालवायचं नाही, हे आपल्या आज्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. आता त्याच गच्च्यांवर काळे-निळे सोलर पॅनल दिसू लागलेत. शेजारणीचं बिल म्हणे दोन हजारांवरून दोनशेवर आलं! मग भिशीत, हळदीकुंकवाला, बचत गटाच्या बैठकीत एकच विषय. ‘आपणही बसवायचं का गं सोलर?’

प्रश्न अगदी योग्य आहे. पण बहुतेक घरांत त्याचं उत्तर बाहेरच्या खोलीत ठरतं. सोलरवाला येतो, पुरुषमंडळी बोलतात, आपण चहा ठेवून आत जातो. वास्तविक पाण्याची मोटर किती वेळ चालते, गिझर कुणाला किती लागतो, इस्त्री कधी होते, हे घरात सगळ्यांत जास्त कुणाला ठाऊक असतं? आपल्यालाच ना! मग लाख-दीड लाखाचा निर्णय आपल्याला वगळून का व्हावा? म्हणून मैत्रिणींनो, आज थोडा आकड्यांचा विषय.

सुरुवातीलाच एक घोळ दूर करू. आपल्याकडे ‘सोलर’ म्हटलं की अनेकींच्या डोळ्यांसमोर पाणी तापवायचा सोलर बंब येतो. तो फक्त पाणी तापवतो, वीज तयार करत नाही. आपण बोलतोय ते वीज तयार करणाऱ्या पॅनलबद्दल. ती वीज आधी घरात वापरली जाते आणि उरलेली महावितरणच्या तारांत जाते. दोन्हीची नोंद ‘नेट मीटर’ ठेवतं. आपण घेतलेले युनिट वजा आपण दिलेले युनिट, जे उरतील त्यांचं बिल.

आधी बिल वाचा

सोलरवाल्याला फोन करण्याआधी कपाटातली वर्षभराची बिलं काढा. बिलं सापडली नाहीत तरी हरकत नाही, मागच्या महिन्यांचा वापर बिलावर छापलेला असतो. बारा महिन्यांचे युनिट मिळवा, बाराने भागा. हा तुमचा सरासरी वापर. सगळा हिशेब याच आकड्यावर उभा राहतो.

१ किलोवॅटचे पॅनल दिवसाला साधारण ४ युनिट, म्हणजे महिन्याला १०० ते १२० युनिट वीज देतात. त्याला सावली नसलेली सुमारे १०० चौरस फूट जागा लागते. त्यामुळे महिन्याला दोनशे-सव्वादोनशे युनिट लागणाऱ्या घराला २ किलोवॅट पुरतात, तीनशेच्या आसपास लागत असतील तर ३ किलोवॅट. अंथरूण पाहून पाय पसरावेत, तसं बिल पाहून पॅनल घ्यावेत.

‘जास्त बसवा, उरलेली वीज विकून पैसे कमवा’ असं कुणी सांगितलं तर सावध व्हा. जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात हे खरं. पण आर्थिक वर्ष संपलं की, म्हणजे ३१ मार्चला, शिल्लक युनिटांचा हिशेब मिटवला जातो आणि त्यांना मिळणारा दर आपण बिलात भरतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो. विजेचा व्यापार करायला हे पॅनल नाहीत, घरची गरज भागवायला आहेत.

पावसाळ्यात काय, असं सगळ्याच विचारतात. ढगाळ दिवसांत वीज कमी तयार होते, कोकणात तर फारच कमी. पण वर्षाचा हिशेब एप्रिलपासून सुरू होत असल्याने एप्रिल-मेच्या कडक उन्हात जमा झालेले युनिट जून-जुलैत कामी येतात. आपण उन्हाळ्यात पावसाळ्याची बेगमी करतो ना, तसंच!

खर्च किती, अनुदान किती

केंद्र सरकारची ‘पीएम सूर्यघर मोफत वीज योजना’ फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. एक कोटी घरांच्या छपरांवर सोलर बसवायचं, असं तिचं उद्दिष्ट आहे आणि मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंतची आहे. पहिल्या २ किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३० हजार रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८ हजार रुपये असं अनुदान मिळतं. म्हणजे १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार, ३ ला ७८ हजार. त्यापुढे कितीही मोठं बसवा, अनुदान ७८ हजारच!

शिवाय दारिद्र्यरेषेखालच्या आणि अगदी कमी वीज वापरणाऱ्या घरांसाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये १ किलोवॅटला जादा अनुदानाची योजना जाहीर केली. तुमच्या गटातल्या गरजू बायकांना घेऊन महावितरणच्या कार्यालयात त्याची जरूर चौकशी करा.

बाजारात सगळं धरून १ किलोवॅटला साधारण ५५ ते ७० हजार रुपये सांगतात. पॅनल कोणत्या कंपनीचे, खालचा सांगाडा किती उंच, वायर किती लांब, यावर आकडा वरखाली होतो. सप्टेंबर २०२५ मध्ये पॅनलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा जुनं कोटेशन कुणी पुढे केलं तर नवीन मागा.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. अनुदान आधी मिळत नाही. सगळं बसवून झालं, नेट मीटर लागलं, तपासणी झाली की मग ते आपल्या बँक खात्यात येतं. तोवरचे पूर्ण पैसे आपणच उभे करायचे. यासाठी राष्ट्रीयीकृत बँका ३ किलोवॅटपर्यंत २ लाखांचं कर्ज काही गहाण न ठेवता देतात. किमान १० टक्के रक्कम आपली घालावी लागते. व्याज साध्या वैयक्तिक कर्जापेक्षा बरंच कमी असतं. त्यासाठी मंगळसूत्र सोनाराकडे ठेवायची किंवा खासगी फायनान्सच्या दारात जायची काहीच गरज नाही.

दोन घरं, दोन उत्तरं

समजा, एका घराचा वापर महिन्याला २२० युनिट आहे. पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असतो आणि १०१ व्या युनिटापासून तो जवळपास दुप्पट होतो, त्यामुळे बिल सव्वादोन हजारांच्या घरात जातं. या घराने २ किलोवॅट बसवले. खर्च १ लाख २० हजार, अनुदान ६० हजार, पदरचे गेले ६० हजार. महिन्याला साधारण दोन हजार वाचले तर तीन वर्षांच्या आत पैसे वसूल. कर्ज काढलं, १२ हजार आपले घातले आणि अनुदान आलं की ते कर्जात भरलं, तर उरलेल्या ४८ हजारांचा तीन वर्षांचा हप्ता दीड हजाराच्या आसपास बसतो. म्हणजे पूर्वी जे बिल भरत होतो त्यातूनच हप्ता सुटला.

आता दुसरं घर. दोघंच माणसं, वापर ७० युनिट, बिल सहाशेच्या आत. १ किलोवॅटसाठी अनुदान वजा जाता ३० हजार घातले, तर महिन्याला चारशे-साडेचारशे वाचतील. वसूल व्हायला सहा वर्षं. वाईट नाही, पण मुलीची फी तोंडावर आहे, छप्पर गळतंय, तर घाई कशाला? आधी छप्पर करा. शेजारणीने केलं म्हणून आपण करायचं, असं साडीच्या बाबतीत एक वेळ चालेल!

आणि हो, बिल अगदी शून्यावर येत नाही. ‘स्थिर आकार’ वापर असो-नसो भरावाच लागतो. ‘आयुष्यभर बिल नाही’ म्हणणाऱ्याला बिलावरचा तो रकाना दाखवा.

वीज गेली तर?

इथे बहुतेकींची फसगत होते. गावात वीज गेली, भर दुपार, गच्चीवर लख्ख ऊन, तरीही घरातला पंखा बंद! सोलर बिघडलं की काय? नाही. नेहमीची अनुदानातली ‘ऑन-ग्रिड’ व्यवस्था वीज गेली की आपोआप बंद होते. कारण खांबावर वायरमन काम करत असतो, आपल्या गच्चीवरची वीज तारेत गेली तर त्याच्या जिवाला धोका. त्याच्याही घरी कुणी वाट पाहत असतं.

वीज गेल्यावरही दिवे हवे असतील तर बॅटरीवाली व्यवस्था लागते. तिचा खर्च बराच वाढतो, बॅटरीला वेगळं अनुदान नाही आणि ती काही वर्षांनी बदलावी लागते. घरात आधीपासून दोन पंखे-चार दिव्यांपुरता इन्व्हर्टर असेल तर तो तसाच राहू द्या, बहुतेकींचं त्यावर भागतं.

नाव कुणाचं?

आमच्या गटातल्या एका ताईंचा शिलाईचा छोटा व्यवसाय आहे. मालक वारले त्याला आठ वर्षं झाली. मशीन, इस्त्री, फ्रिज मिळून बिल बरंच येतं, म्हणून त्यांनी सोलरचं मनावर घेतलं. पैशांचीही जुळणी झाली. अर्ज भरायला बसल्या तेव्हा कळलं, वीजजोडणी अजून सासऱ्यांच्या नावावर! सासरे जाऊन पंधरा वर्षं झालेली. बिल दर महिन्याला ताई भरतात, पण कागदावर त्या कुठेच नाहीत. अर्जदार, वीजबिल आणि बँक खातं यांवरचं नाव जुळल्याशिवाय अनुदान मिळत नाही. मग मृत्यूचे दाखले, वारसाची कागदपत्रं, दिरांची संमती... चार महिने हेलपाटे झाले. दीर समंजस म्हणून निभावलं. नसते तर?

अशा कितीतरी ताई आपल्या आजूबाजूला आहेत. तेव्हा सोलर बसवा किंवा नका बसवू, पण आज घरचं बिल काढून त्यावरचं नाव तेवढं वाचा. ते हयात नसलेल्या माणसाचं असेल तर बदलायचा अर्ज करून टाका. घरपट्टीच्या उताऱ्यावर आपलं नाव आहे का, तेही याच निमित्ताने पाहा. घरात सगळे गोडीगुलाबीने नांदत असतात तेव्हाच ही कामं होतात, भांडण लागल्यावर नाही.

गच्ची आपलीच आहे

पॅनल गच्चीला टेकून बसवले तर वाळवणं घालायला जागा उरत नाही, टाकी धुवायलाही अडचण. सांगाडा माणूस खाली उभा राहील इतका उंच केला तर खर्च थोडा वाढतो, पण खालची जागा मोकळी राहते आणि सावलीही मिळते. हे बसवण्याआधीच सांगायचं. स्लॅबला भोकं पाडणार असतील तर गळती होऊ नये म्हणून काय करणार, ते विचारा. पत्र्याच्या छपरावरही पॅनल बसतात, मात्र खालचे अँगल भक्कम हवेत. जुन्या कौलारू घराला बहुधा वेगळा सांगाडा उभारावा लागतो. फ्लॅटमध्ये राहणारीला सोसायटीची परवानगी लागेल.

पॅनलवर टाकीची, नारळाची किंवा शेजारच्या नव्या मजल्याची सावली पडता कामा नये. थोड्या सावलीनेही वीज बरीच घटते. धुणं सोपं आहे. पंधरा दिवसांतून एकदा सकाळी लवकर, पॅनल गार असताना, साधं पाणी आणि मऊ फडकं. भर उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर पांढरे डाग धरतात, तेव्हा शेवटी नळाचं पाणी फिरवा. ओल्या गच्चीवर, शिडीवर एकट्याने चढू नका आणि वायरना हात लावू नका.

पॅनल चांगले असतील तर पंचवीस वर्षं टिकतात. इन्व्हर्टर मात्र त्याआधी बदलावा लागतो, त्याची सोय मनात धरून ठेवा. वाचलेल्या बिलातले दोनशे रुपये महिन्याला पोस्टात टाकले तर ती चिंता नको.

सही करण्यापूर्वी

* ‘सरकारकडून बोलतोय, सोलर फुकट मंजूर झालंय, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर सरळ बंद करा. अर्ज सरकारी पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून करायचा असतो.
* काम देण्याआधी तो विक्रेता योजनेच्या यादीत नोंदलेला आहे का ते पाहा. ओळखीतल्या एका कुटुंबाचे आगाऊ दिलेले वीस हजार अशाच एका बिगरनोंदणीच्या माणसाने बुडवले.
* निदान तीन कोटेशन घ्या. पॅनल व इन्व्हर्टरची कंपनी, वॉरंटीची वर्षं, अर्थिंग आणि वीज पडण्यापासून संरक्षण, सगळं कागदावर हवं.
* अनुदानासाठी भारतात बनलेलेच पॅनल लागतात. बिलावर तसं लिहून घ्या.
* पाच वर्षांची देखभाल विक्रेत्यावर बंधनकारक आहे. तक्रारीला येणाऱ्या माणसाचा नंबर आत्ताच घ्या.
* पैसे चेकने किंवा खात्यातून, टप्प्याटप्प्याने द्या. पावती घ्या.

सातारा जिल्ह्यातली पाटण तालुक्यातली मान्याची वाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून जाहीर झाली. शंभरेक घरांचं छोटं गाव, पण सगळ्यांनी मिळून मनावर घेतलं. आपल्या गल्लीतल्या पाच-सहा जणींनी एकत्र येऊन कोटेशन मागवली तर भावही चांगला मिळेल आणि फसवायची कुणाची छाती होणार नाही.

तेव्हा पुढच्या वेळी सोलरवाला दारात आला की चहा जरूर करा, पण ट्रे ठेवून आत जाऊ नका. वर्षभराच्या युनिटांचा कागद हातात घेऊन खुर्चीवर बसा आणि पहिला प्रश्न तुम्हीच विचारा.