नव्या संगणकावर जुनी नोंदवही न उघडल्यास



विंडोज १० ह्या प्रणालीची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. त्यामुळे आपल्या शाळांतून जुने संगणक जाऊन नवे येण्याचा क्रम काही काळ चालू राहील. नवा संगणक टेबलावर मांडणे सोपे असते. परंतु जुन्या संगणकात भरून ठेवलेले दफ्तर त्यावर उघडेल किंवा नाही, हा विचार बहुधा अडचण आल्यावरच सुचतो. म्हणून ह्या विषयाची थोडी माहिती येथे देत आहे.

काही दिवसांपूर्वी मी एका शाळेस भेट दिली. मुख्याध्यापक चिंतेत होते. जनरल रजिस्टरवरून घेतलेल्या बारा वर्षांच्या नोंदी मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसच्या एका फाईलीत होत्या, आणि त्यांवरून दाखला छापणारा एक लहानसा प्रोग्रॅम होता. नव्या संगणकावर तो प्रोग्रॅम सुरू होई. पण ‘माहितीचा स्रोत सापडत नाही’ असा संदेश देऊन थांबे. बाहेर ओट्यावर शाळेची एक माजी विद्यार्थिनी बसली होती. जातपडताळणीसाठी तिला दाखल्याची दुय्यम प्रत हवी होती, आणि नेमक्या त्या वर्षाच्या रजिस्टरची पाने वाळवीने खाल्ली होती. ‘फाईल बिघडली आहे, सर्व पुसून पुन्हा बसवा,’ असा सल्ला कोणीतरी दिला होता. जुना संगणक तर निर्लेखनाच्या यादीत गेलाच होता.

वास्तविक फाईलीस काहीही झालेले नव्हते. बिघाड होता तो फाईल आणि प्रोग्रॅम ह्यांच्यामधल्या दुव्यात.

ह्या दुव्यास ड्रायव्हर म्हणतात. दाखला छापणाऱ्या प्रोग्रॅमला ॲक्सेसच्या फाईलीची अंतर्गत मांडणी ठाऊक नसते. तो आपली मागणी एका ठराविक रीतीने मांडतो. ड्रायव्हर ती मागणी फाईलीपर्यंत नेतो आणि हवी ती नोंद आणून देतो. अशा मागणीची सर्वसामान्य रीत मायक्रोसॉफ्टने १९९२ साली ओडीबीसी ह्या नावाने प्रचारात आणली, आणि ती आजही चालू आहे. मग अडते कोठे? तर ३२ बिट आणि ६४ बिट ह्या भेदात.

संगणक आपल्या स्मृतीतील प्रत्येक जागेस एक क्रमांक देतो. ३२ बिटांच्या रचनेत असे सुमारे ४ अब्ज २९ कोटी क्रमांक होतात, म्हणजे ४ जीबी. अधिक स्मृती वापरता यावी म्हणून ६४ बिटांची रचना आली. २०२१ साली आलेले विंडोज ११ तर केवळ ६४ बिटांतच मिळते. त्यावर जुने ३२ बिट प्रोग्रॅम चालतात. मात्र एक अट आहे. ड्रायव्हर हा प्रोग्रॅमच्या स्वतःच्याच स्मृतीत शिरून काम करतो. म्हणून ३२ बिट प्रोग्रॅमला ३२ बिटच ड्रायव्हर लागतो, आणि ६४ बिट प्रोग्रॅमला ६४ बिटच.

हे समजण्यास कुर्डुवाडी स्थानकाचे उदाहरण पुरेसे आहे. तेथे मुंबई–सोलापूर मार्गाचे रूळ साडेपाच फूट रुंदीचे, तर बार्शी लाइट रेल्वेचे रूळ अडीच फूट रुंदीचे होते. धान्याची पोती दोन्हीकडे तीच. परंतु अरुंद मार्गाचा डबा रुंद रुळांवर चालणे शक्य नव्हते. त्यासाठी पोती फेकून देण्याचा विचार कोणी केला नाही. ती योग्य डब्यात चढविली जात. आपल्या नोंदी म्हणजे ही पोती होत. त्या शाबूत असतात. डबा आणि रूळ जुळवावयाचे असतात.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. त्या शाळेत मी शोधपट्टीत ‘ओडीबीसी’ लिहिले, जो फलक प्रथम दिसला तो उघडला आणि त्यात फाईलीची जोडणी करून दिली. प्रोग्रॅम तरीही उघडेना. फक्त संदेश बदलला: ड्रायव्हर आणि प्रोग्रॅम ह्यांची रचना जुळत नाही, असे तो सांगू लागला. अर्धा तास व्यर्थ गेल्यावर ध्यानात आले, की ६४ बिट विंडोजमध्ये ओडीबीसीचे असे दोन फलक असतात आणि मी जोडणी ६४ बिटांच्या फलकात केली होती. प्रोग्रॅम ३२ बिटांचा होता. त्याचा फलक निराळा. त्यात जोडणी करताच नोंदी दिसू लागल्या आणि ती मुलगी दाखला घेऊन गेली.

नावांमुळे हा घोटाळा अधिक वाढतो. विंडोजच्या ‘सिस्टिम३२’ नावाच्या कप्प्यात ६४ बिटांचा फलक असतो, आणि ‘सिसवॉव६४’ नावाच्या कप्प्यात ३२ बिटांचा. जुन्या प्रोग्रॅमांतून पहिले नाव लिहिलेले असल्यामुळे ते तसेच ठेवण्यात आले. विंडोज ८ पासून मात्र दोन्ही फलकांच्या नावांपुढे बिटांचा आकडा दिलेला असतो. तो वाचूनच फलक उघडावा.

अशी अडचण आल्यास पुढील क्रमाने जावे.

प्रथम, काहीही पुसू नये. प्रोग्रॅम बंद करावा. फाईलीशेजारी तिच्याच नावाची ‘एलडीबी’ अक्षरांनी संपणारी फाईल दिसत असेल, तर मूळ फाईल बहुधा कोठेतरी उघडी आहे असे समजावे. ती बंद झाल्यावर मूळ फाईलीच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्या आणि पुढील सर्व प्रयोग प्रतीवरच करावे.

दुसरे, प्रोग्रॅम किती बिटांचा आहे ते पाहावे. तो चालू असताना टास्क मॅनेजर उघडल्यास ३२ बिट प्रोग्रॅमच्या नावापुढे तसे लिहिलेले आढळते. त्याच बिटांचा ओडीबीसी फलक उघडून त्यात जोडणी करावी.

तिसरे, त्या फलकात ॲक्सेसचा ड्रायव्हर आहे काय ते पाहावे. ज्याच्या नावात केवळ ‘एमडीबी’ एवढेच आहे तो जुना जेट ड्रायव्हर. तो ३२ बिटांतच आहे. ‘एमडीबी’ आणि ‘एसीसीडीबी’ अशी दोन्ही नावे असलेला ड्रायव्हर ॲक्सेस २००७ पासूनचा. त्याचा ६४ बिटांचा अवतार २०१० पासून मिळू लागला. तो बसविताना ‘संगणकावर दुसऱ्या बिटांचे ऑफिस आहे’ अशी हरकत आल्यास जबरदस्ती करू नये. प्रोग्रॅम आणि ऑफिस दोन्ही एकाच बिटांचे ठेवणे हाच निर्धोक मार्ग होय.

चौथे, फाईल ॲक्सेस ९७ च्या काळातील असल्यास ॲक्सेस २०१३ आणि त्यानंतरच्या आवृत्त्या ती उघडत नाहीत. ॲक्सेस २००३ किंवा २०१० असलेल्या संगणकावर ती उघडून नव्या स्वरूपात जतन करावी लागते. जुना संगणक निर्लेखित करण्याची घाई करू नये, असे आग्रहाने सांगण्याचे हे एक कारण आहे.

पाचवे, फाईल उघडली. पण मराठी नावांच्या जागी विचित्र इंग्रजी अक्षरे दिसली, तर दोष ड्रायव्हरचा नव्हे. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये ती नावे लिहिलेली असतात. तो फॉन्ट जुन्या संगणकावरून आणून बसविल्यास ती पुन्हा वाचता येतात.

हे सर्व झाल्यावरही काम पुरे झाले असे मानू नये. एकूण नोंदींची संख्या जुन्या संगणकावरील संख्येशी ताडून पाहावी. नंतर पहिली, शेवटची आणि मधल्या आठ-दहा नोंदी कागदी रजिस्टरशी अक्षरशः जुळवाव्या. जन्मतारखेकडे विशेष लक्ष द्यावे. नव्या संगणकावर तारखेची पद्धत अमेरिकन असल्यास महिना आधी दिसतो, आणि ३ जुलैला जन्मलेले मूल दाखल्यावर ७ मार्चला जन्मलेले वाचले जाऊ शकते. ती चूक त्या मुलाच्या कागदपत्रांत वर्षानुवर्षे त्याच्यामागे फिरेल.

जनरल रजिस्टर हे कायम जतन करावयाचे दफ्तर आहे. कागदाला वाळवी लागते, आणि फाईलीला तिला न उघडणारा नवा संगणक भेटतो. म्हणून दोन्ही सांभाळावी. संगणकावरील नोंदी वर्षातून एकदा छापून, पडताळून आणि सही करून बांधून ठेवाव्या. शाळा सोडून गेलेले मूल वीस वर्षांनी परत येते, तेव्हा आपल्यापैकी बहुतेकजण त्या शाळेत नसतील. त्या दिवशी त्याच्यासाठी शाळेपाशी त्याची नोंद असली पाहिजे.