एकाचे दुखणे, तिघांची कसोटी

प्रेमकथेत असाध्य दुखणे शिरले की प्रेक्षक तिचा शेवट मनाशी ठरवून टाकतो. नायिका खोकू लागते, रुमालावर रक्ताचा डाग दिसतो आणि पुढचे सारे अश्रूंवर सोपविले जाते. अलेक्झांडर द्यूमा धाकटा या फ्रेंच लेखकाच्या १८४८ सालच्या कादंबरीतील क्षयग्रस्त मार्गरीत ही या परंपरेतील सर्वांत विख्यात नायिका होय. पुढे ती रंगभूमीवर आली; १८५३ साली नाव बदलून व्हर्दीच्या संगीतिकेत अवतरली; आणि १९३६ साली ग्रेटा गार्बोच्या रूपाने बोलपटात दिसली. या सर्व रूपांत दुखणे प्रेयसीला जडते, ती झिजत जाते आणि मागे राहणाऱ्याच्या वाट्याला शोक येतो.

१९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला. क्षयावर औषधे मिळू लागली, तसे कथालेखकांच्या हातातील हे हुकमी मरणही हळूहळू निसटले. त्याची जागा कर्करोगाने घेतली. परंतु केवळ रोगाचे नाव बदलल्याने कथा नवी होत नाही. ती नवी कशी होते, हे १९६३ सालच्या ‘दिल एक मंदिर’ या हिंदी चित्रपटावरून चांगले समजते.

या चित्रपटाचे मूळ तमिळ आहे. दिग्दर्शक श्रीधर यांनी १९६२ साली ‘नेंजिल ओर् आलयम्’ हा चित्रपट काढला आणि दुसऱ्याच वर्षी त्याची हिंदी आवृत्ती स्वतःच दिग्दर्शित केली. मीनाकुमारी, राजकुमार व राजेंद्रकुमार हे त्यातील प्रमुख कलावंत. संगीत शंकर-जयकिशन यांचे, आणि शीर्षकगीत महंमद रफी व सुमन कल्याणपूर यांनी गायिलेले. कथेचा बहुतेक भाग एकाच रुग्णालयात घडतो. खोली, ओसरी, खाटा आणि शस्त्रक्रियागृह एवढेच तिचे जग. पात्रांना एकमेकांपासून दूर जाण्यास जागाच उरत नाही.

कथा थोडक्यात अशी. सीता आपला पती राम याला घेऊन रुग्णालयात येते. त्याला कर्करोग झाला आहे. तेथील डॉक्टर धर्मेश हाच तिचा पूर्वीचा प्रियकर निघतो. येथे दुखणे प्रियकराला नाही आणि प्रेयसीलाही नाही. ते पतीला आहे. या एका फेरबदलाने कथेचा सारा तोल पालटतो. रोगी एक, पण कसोटी लागते ती तिघांची.

पहिली कसोटी सीतेची. हा डॉक्टर आपल्या पतीवर प्रामाणिकपणे उपचार करील काय, अशी शंका तिच्या मनात येते. शंका क्रूर आहे, पण अस्वाभाविक नाही. दुसरी कसोटी धर्मेशची. रोगी दगावला तर जग रोगालाच दोष देईल. त्याचे अंतर्मन मात्र तसे म्हणू देणार नाही. म्हणून तो दिवसरात्र अभ्यासाला व कामाला जुंपून घेतो. तिसरी कसोटी रामाची. पूर्वीची हकीकत त्याच्या कानी येते, तेव्हा तो संतापत नाही. आपण गेलो तर सीतेने धर्मेशशी विवाह करावा, अशी इच्छा तो बोलून दाखवितो.

हा प्रस्ताव आपल्या समाजात किती जड होता, हे महाराष्ट्राला निराळे सांगावयास नको. विधवाविवाहाला १८५६ च्या कायद्याने मान्यता दिली होती. तरीही १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी एका विधवेशी विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्या पार्श्वभूमीवर रामाचे औदार्य खरेच मोठे ठरते. तथापि त्यात एक उणीव आहे. आपल्या पश्चात सीतेने काय करावे हे राम ठरवितो, आणि तिला काय हवे हे कोणी विचारीत नाही. म्हणूनच ती दुखावते. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री पतीच्या इच्छेखातर ती नववधूचा वेष करते, त्या प्रसंगातील कारुण्य याच दुखावलेपणातून येते.

शस्त्रक्रिया यशस्वी होते. कर्करोग म्हणजे मरण असे समीकरण रूढ असलेल्या काळात ही गोष्ट लहान नव्हे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले होते, मद्रासला डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या प्रयत्नांनी १९५४ साली कर्करोग संस्था स्थापन झाली होती. तरीही पुष्कळ घरांत या रोगाचे नाव दबक्या आवाजातच घेतले जाई. रोगी बरा होऊ शकतो, हे पडद्यावर दाखविण्यात धैर्य होते.

पण कथेने मृत्यूला अजिबात वगळले नाही. राम वाचतो आणि श्रमाने खंगलेला धर्मेश मरतो. त्याच्या स्मरणार्थ उभे राहिलेले रुग्णालय दाखवून चित्रपट संपतो. येथे लेखकाने सोपी वाट धरली, असे म्हणणे भाग आहे. धर्मेश जिवंत राहिला असता तर तिघांनाही उद्यापासून एकमेकांना ओळखून जगावे लागले असते. तो प्रश्न अधिक कठीण होता. आजची वैद्यकीय नीती तर असा रोगी शक्यतो दुसऱ्या शल्यविशारदाकडे सोपविणे इष्ट मानील, कारण मन गुंतले की निर्णय डळमळण्याचा संभव असतो. वैद्याच्या निष्ठेची सिद्धता त्याच्या आत्मनाशाने होत नाही; ती रोगी बरा झाला तेव्हाच झालेली असते.

हा दोष जमेस धरूनही चित्रपटाचे मोल कमी होत नाही. दुखण्यातील प्रेम म्हणजे उशाशी बसून रडणे एवढेच, ही समजूत त्याने बाजूस सारली. ज्याच्या हाती आपल्या माणसाचा जीव द्यावयाचा त्याच्यावर विश्वास टाकणे, त्या विश्वासाला जागणे, आणि आपल्या पश्चात मागे राहणाऱ्याच्या सुखाचा विचार करणे, ही प्रेमाची तीन कामे त्याने दाखविली. चौथे काम, म्हणजे त्या मागे राहणाऱ्या माणसाला आधी विचारणे, ते मात्र त्याने प्रेक्षकांवर सोपविले.