कावळा, शंख आणि तागाचे ओझे

दहाव्याच्या दिवशी पिंडाला कावळा शिवेना म्हणजे घाटावरच्या माणसांची काय अवस्था होते, हे ज्याने एकदा अनुभवले आहे त्याला सांगायला नको. सहा वर्षांपूर्वी आमच्या आईच्या दहाव्याला वाईला कृष्णेच्या घाटावर आम्ही असेच ताटकळत उभे होतो. पिंड मांडलेले, ऊन चढत चाललेले आणि समोरच्या झाडावर चार-पाच कावळे अगदी निवांत बसलेले. एकही खाली उतरेना. कुणी म्हणाले, तिच्या आवडीचे काही राहिले असेल. कुणी म्हणाले, आता दर्भाचा कावळा करा आणि शिववा. अखेर मामा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, ‘‘अरे, तिचा जीव माईत अडकलाय. बोल काहीतरी.’’

माई म्हणजे माझी थोरली बहीण. तिचे लग्न झाले नाही, आणि आपल्यामागे तिचे कसे होणार ही चिंता आईने शेवटपर्यंत बोलून दाखविली होती. मी स्वतः या गोष्टी न मानणारा. वर्गात आगरकर शिकविणारा. तरी मी हात जोडले आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हणालो, ‘‘आई, माईचं मी बघीन. तू काळजी करू नकोस.’’ मग आम्ही सारे दहा-पंधरा पावले मागे सरलो. आणि एक कावळा उतरला.

‘‘बघितलंस?’’ मामा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. खोटे कशाला सांगू, माझेही.

घाटावर काय घडले, याची दोन उत्तरे आहेत. मामांचे उत्तर असे, की आईने ऐकले आणि तिचा जीव मोकळा झाला. माझे उत्तर असे, की आम्ही मागे सरलो म्हणून कावळा उतरला. कावळा हा मोठा सावध पक्षी. अमेरिकेत सिअ‍ॅटल येथील विद्यापीठात २००६ साली काही संशोधकांनी विशिष्ट मुखवटे चढवून कावळे पकडले व सोडून दिले. पुढे कितीतरी वर्षे तो मुखवटा दिसला की तिथले कावळे कलकलाट करून अंगावर येत. माणसाचा चेहरा जो पक्षी इतका ध्यानात ठेवतो, तो वीस माणसांच्या घोळक्यात कशाला उतरेल?

या दुसऱ्या प्रकारच्या उत्तराला तत्त्वज्ञानात निसर्गवाद म्हणतात. जे आहे ते निसर्गात आहे. जे घडते त्याचे कारण निसर्गातच शोधले पाहिजे. निसर्गापलीकडे बसून सूत्रे हलविणारे कोणी नाही, हा त्याचा सारांश. हा विचार आगबोटीतून इंग्रजांबरोबर आपल्याकडे आला, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नव्हे. पृथ्वी, आप, तेज आणि वायू या चार भूतांच्या मिश्रणातून चैतन्य उपजते, जसा आंबविलेल्या द्रव्यातून मद उपजतो, असे आपले चार्वाक सांगत होतेच. दुर्दैव इतकेच, की त्यांचे म्हणणे आपल्याला बहुतेक त्यांच्या प्रतिपक्षाच्या तोंडून ऐकावे लागते. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त पहिला मान चार्वाकाला आहे, पण तो पहिल्याने खोडून काढण्यासाठी!

मात्र एक जुना ग्रंथ असा आहे, की ज्यात नास्तिकाला मनसोक्त बोलू दिले आहे. तो म्हणजे पाली ‘दीघनिकाया’तील ‘पायासि सुत्त’.

कोसल देशात सेतव्या नावाचे नगर होते. प्रसेनजित राजाने ते पायासी नावाच्या अधिपतीला दिलेले. परलोक नाही, पुनर्जन्म नाही, बऱ्यावाईट कर्माला फळ नाही, असे या पायासीचे ठाम मत. एकदा कुमारकाश्यप नावाचा भिक्षू नगराबाहेर शिसवीच्या बनात येऊन उतरला, आणि पायासी त्याच्याशी वाद घालायला गेला.

मौज अशी, की पायासी ग्रंथांचे दाखले देत नाही. तो आपण केलेले प्रयोग सांगतो! माझे काही पापी आप्त मरायला टेकले, तेव्हा मी त्यांना सांगून ठेवले की नरकात गेलात तर परत येऊन मला कळवा. एकही आला नाही. पुण्यवान आप्तांनाही तसेच सांगितले. तेही आले नाहीत. काश्यप म्हणतो, फाशीच्या कैद्याला मारेकरी घरी जाऊन येऊ देतील का? आणि शौचकूपात पडलेला माणूस बाहेर काढून, न्हाऊमाखू घालून, गंधमाला लेववून वाड्यात बसविला, तर तो पुन्हा त्या खड्ड्यात उडी घेईल का?

मग पायासीचे प्रयोग भयंकर होत जातात. एका चोराला त्याने जिवंतपणी रांजणात कोंडले, तोंड कातड्याने व मातीने लिंपून रांजण भट्टीवर चढविला. चोर मेल्यावर तोंड हळूच उघडून पाहिले. जीव बाहेर पडताना दिसला नाही. दुसऱ्या चोराला जिवंतपणी तोलले, गळा आवळून मारले आणि पुन्हा तोलले. जीव गेल्यावर देह हलका व्हायला हवा, तो उलट जड भरला! काश्यप उत्तर देतो, की तापलेला लोखंडाचा गोळासुद्धा थंड गोळ्यापेक्षा हलका आणि मऊ असतो. आज हे उत्तर शाळकरी पोरगाही मान्य करणार नाही. पण पायासीचा तराजू तरी कुठे बिनचूक होता?

हा तराजू पुढे आणखी एकदा निघाला. अमेरिकेतील हेव्हरहिल गावचे डॉक्टर डंकन मॅक्डूगल यांनी १९०१ पासून मरणोन्मुख रोग्यांची खाट वजनकाट्यावर ठेवून असाच प्रयोग केला आणि १९०७ साली तो प्रसिद्ध केला. रोगी अवघे सहा. त्यांतल्या एकाचे वजन मृत्यूच्या क्षणी पाऊण औंस, म्हणजे सुमारे २१ ग्रॅम घटले. बाकीच्यांचे आकडे एकमेकांशी जुळेनात. दोघांचे तर सोडूनच द्यावे लागले. मग त्यांनी पंधरा कुत्रे तोलले; त्यांच्या वजनात फरक नाही. तेवढ्यावरून ‘आत्म्याचे वजन २१ ग्रॅम’ ही आवई जगभर झाली, ती अजून विरलेली नाही. पायासीला आत्मा नाही हे ठरवायचे होते, त्याचे प्रेत जड भरले. डॉक्टरांना आत्मा सापडावा अशी आशा होती, त्यांचे प्रेत हलके भरले. काट्याला मन नसते. काटा वाचणाराला असते.

पण पायासीच्या संवादातला मला सर्वांत आवडणारा दृष्टांत शंखाचा. एका सीमेवरच्या खेड्यात शंख वाजविणारा आला. तो नाद ऐकून खेडूत थक्क झाले. त्यांनी शंख उताणा केला, पालथा केला, काठीने ठोकला, ‘बोल बाबा, बोल’ म्हणून विनवला. शंख मुका तो मुकाच. वाजविणाऱ्याने उचलून फुंकला, तेव्हा बोलला. काश्यप म्हणतो, तसाच हा देह. आयुष्य, ऊब आणि विज्ञान यांची जोड आहे तोवर चालतो, बोलतो. देह फाडून जीव शोधणे म्हणजे शंख ठोकून नाद शोधणे.

दृष्टांत सुंदर आहे. परंतु निसर्गवाद्याने तो ऐकला, तर तोही मान डोलावील. तो म्हणेल, ‘‘अगदी बरोबर! नाद ही शंखात लपलेली वस्तू नव्हे. शंख, वारा आणि फुंकर एकत्र आली की नाद होतो. मग फुंकर थांबल्यावर नाद कुठे गेला, असे कोणी विचारतो का?’’ एकच शंख, पण दोन्ही पक्षांना आपापला सूर ऐकू येतो. शाश्वत आत्मा तर बौद्धांनाही मान्य नाही. तरी कर्म आणि पुनर्जन्म त्यांना सोडवत नाहीत.

शेवटी पायासी कबूल करतो, की मत सोडणे मला अशक्य आहे. कारण मी हे मत मानतो हे राजाला आणि इतर राजांना ठाऊक आहे, ते मला हसतील. यावर काश्यप दोन मित्रांची गोष्ट सांगतो. दोघांना वाटेत ताग सापडला, त्याचे ओझे त्यांनी डोक्यावर घेतले. पुढे कापड मिळाले, रुपे मिळाले, सोने मिळाले. एक जण जुने टाकून चांगले घेत गेला. दुसरा म्हणाला, ‘‘हे ओझे मी फार लांबून आणले आहे, पक्के बांधले आहे, मला हेच पुरे.’’ आणि तागाचा भारा घेऊन घरी आला.

ही गोष्ट नास्तिकासाठी सांगितली आहे खरी. पण प्रत्येकाने ती स्वतःसाठी ऐकावी. आजीने सांगितले म्हणून मानणारा आणि लोक मला बुद्धिवादी समजतात म्हणून न मानणारा, दोघांच्या डोक्यावर तागच!

काश्यपाची खरी भीती निराळी होती. परलोक नाही म्हटले तर माणूस चांगला वागेल कशासाठी? ही भीती आजही घरोघर आहे, आणि पायासीचे रांजण पाहिले की ती खोटी वाटत नाही. पण धर्माच्या नावाने माणसे जाळणारेही इतिहासात थोडे नाहीत. या भीतीला आपल्याकडचे सर्वांत चांगले उत्तर कोणत्या पोथीत नाही, ते एका आयुष्यात आहे. गोपाळ गणेश आगरकरांना (१८५६–१८९५) परलोकाच्या बक्षिसाची आशा नव्हती. एम. ए. झालेल्या माणसाला सरकारी नोकरीत मान आणि पैसा सहज मिळाला असता. त्यांनी पोटापुरते वेतन आणि शाळा पत्करली. १८८८ साली ‘सुधारक’ काढला. विधवांची, मुलींच्या शिक्षणाची बाजू मांडल्याबद्दल लोकांनी जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली. दम्याने खंगत, फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य असतानाच, वयाच्या अडतिसाव्या वर्षी ते गेले. ज्या कॉलेजात या अज्ञेयवाद्याने शिकविले, तिथेच १९१२ पासून गोव्याचे धर्मानंद कोसंबी पाली शिकवू लागले. पायासी आणि काश्यप दोघांनाही त्या एका छपराखाली जागा मिळाली म्हणायची.

पुन्हा घाटावर येतो. कावळ्याचा उलगडा निसर्गवादाने झाला. पण मी दिलेल्या शब्दाचे काय? ऐकणारी आई तिथे नव्हती, असेच मी आजही मानतो. मग तो शब्द पाळायचे कारण काय? पुष्कळ विचार केल्यावर मला एवढेच सुचते, की आई ऐकत नसेल तर तो शब्द पाळण्याची जबाबदारी सर्वस्वी माझ्यावर येते. मोडला तर पिशाच होऊन ती मला जाब विचारणार नाही. मलाच मला विचारावा लागेल. आणि मागे वळून पाहताना उमगते, की मामांनी तो शब्द माझ्याकडून वदवून घेतला नसता, तर मी तो आपण होऊन उच्चारलाही नसता. कदाचित ही रीत ज्यांनी घातली, त्यांना कावळ्यापेक्षा माणसेच अधिक कळत असावीत.

माई आता आमच्याकडेच असते. दर सर्वपित्री अमावास्येला ती गच्चीच्या कठड्यावर कावळ्यासाठी पान ठेवते. मी ते तिला वर नेऊन देतो. मग आम्ही दोघेही जिन्यापर्यंत मागे सरतो. ती का सरते आणि मी का सरतो, याची कारणे वेगळी आहेत. कावळा येतो, आणि मग आम्ही खाली येऊन एकत्र जेवायला बसतो.