डेव्हऑप्सची ओळख, लेखांक ६ : साधने आणि त्यांमधले सांधे

साताऱ्याहून एसटीने स्वारगेटला उतरलेल्या माणसाला पिंपरी गाठायची असेल, तर आता दोन वाटा आहेत : पीएमपीची बस किंवा २९ सप्टेंबर २०२४ पासून इथवर आलेली भुयारी मेट्रो. एसटी, पीएमपी, मेट्रो, तिन्ही आपापल्या जागी कामाच्या. पण हातात बोचके आणि कडेवर मूल घेऊन एकीतून दुसरीत जाताना त्याची जी दमछाक होते, ती कुणाच्याच वेळापत्रकात लिहिलेली नसते.

सॉफ्टवेअर टीम साधने निवडताना नेमकी हीच दमछाक मोजायची विसरते. कोड ठेवायला एक, बिल्डसाठी दुसरे, सर्व्हरवर लक्ष ठेवायला तिसरे. प्रत्येक साधन पारखून घेतलेले, पण एकाकडून दुसऱ्याकडे काम सरकवायला रात्री कुणीतरी माणूस जागा हवाच.

या सांध्यात काय घडू शकते, ते अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाल कंपनीने १ ऑगस्ट २०१२ रोजी पाहिले. नवा कोड आठ सर्व्हरवर हाताने चढवायचा होता. एका सर्व्हरवर तो चढवायचा राहिला आणि दुसऱ्या कुणी ते तपासले नाही. बाजार उघडताच त्या सर्व्हरवरचा जुना, पडून राहिलेला कोड जागा झाला. सुमारे ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. मला सर्वांत अस्वस्थ करते ते याच्या आधीचे : बाजार उघडण्यापूर्वीच यंत्रणेने त्रुटीचा उल्लेख असलेले ९७ ईमेल पाठवले होते. ते इशारे म्हणून कुणी वाचतच नव्हते. कळवणारे यंत्र होते, ऐकणाऱ्या माणसापर्यंत वाट नव्हती.

म्हणून नवे साधन घेण्याआधी एक छोटा बदल हाती घ्या, बिलावरची शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करण्याएवढा, आणि ग्राहकाच्या स्क्रीनवर दिसेपर्यंत त्याच्या मागोमाग चाला. तो कुठे किती वेळ थांबला, ते कागदावर लिहा. हाताने टेस्ट करण्यात दिवस जात असेल, तर त्या टेस्ट आपोआप चालवणारे साधन आधी घ्या. वरिष्ठांच्या मंजुरीसाठी दोन दिवस जात असतील, तर साधनावर पैसे घालू नका, त्यांच्याशी बोला.

समजा, स्वारगेटजवळच्या एखाद्या इमारतीत सात जणांची टीम आहे आणि दोन सर्व्हर. मी त्यांना कोड आणि बिल्ड-टेस्टची पाइपलाइन एकाच छताखाली ठेवणारे गिटलॅब किंवा गिटहब सुचवेन. बिल्डसाठीचे जेनकिन्स उत्तम आहे, फुकटही आहे. पण त्याचे प्लगइन अद्ययावत ठेवणे हे कुणाच्या तरी आठवड्यातले काही तास खाणारे काम आहे. ते तास खर्चाच्या बाजूला मांडा. अनेक सर्व्हरवर ॲप चालवणारे कुबर्नेटीस गूगलमध्ये जन्मले, तिथला पसारा डोळ्यांपुढे ठेवून. दोन सर्व्हरसाठी ते आणले तर ॲपपेक्षा त्याचीच देखभाल जास्त होईल.

साधन सोडता येईल का, हेही घेतानाच विचारा. ऑगस्ट २०२३ मध्ये हॅशिकॉर्प कंपनीने टेराफॉर्म या सर्व्हर उभारण्याच्या साधनाचा मुक्त परवाना बदलला, तेव्हा अनेक टीमना एका रात्रीत हा प्रश्न पडला. त्यातूनच ओपनटोफू हा मुक्त पर्याय उभा राहिला. टेराफॉर्मची मांडणी साध्या मजकुराच्या फाइलींत असते, म्हणून तिकडे वळणे शक्य झाले. ज्या साधनात सगळी मांडणी पडद्यावर क्लिक करून करावी लागते आणि ती फाइल म्हणून बाहेर काढता येत नाही, ते कितीही देखणे असले तरी मी घेणार नाही.

मागोव्याचा तो कागद या आठवड्यात तयार करा. पुढच्या लेखांकात त्यातला शेवटचा टप्पा घेऊ : रात्री दोनला आलेला अलर्ट नेमका कुणाच्या फोनवर वाजायला हवा.